आधी तेसुमा द्यावा

“नारळ!” गार्गी म्हणाली, आणि तृप्तीबाईंच्या पेल्यातला चहा बशीत सांडला.

खरं तर बातमी आनंदाची होती. चिनारदेरे नावाच्या त्या डोंगरी तुर्की गावात, कड्याच्या पायथ्याशी ठोकलेल्या तंबूत, डॉ. गार्गी वाकचौरे पडद्यावरचे रंगीत पट्टे दाखवत उभी होती. तिच्या एकेकाळच्या मार्गदर्शक डॉ. तृप्ती खैरनार कालच पुण्याहून आल्या होत्या, खास पाहुण्या म्हणून. तंबूच्या दाराशी तिथल्या संग्रहालयाच्या संचालक नेजला हानम, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नेजलाबाई, उभ्या होत्या. शुक्रवारी निकाल जाहीर व्हायचा होता. त्यासाठी चार देशांतले वार्ताहर यायचे होते. आज मंगळवार होता.

“हा बघा मॅडम, सगळ्यात खोलचा थर. नारळपाण्यातली साखर, खोबऱ्याचं तेल, आणि हे उंच टोक दिसतंय ना, ती हळद. चोवीसशे वर्षांपूर्वी, इथे! म्हणजे तेसुमा हा विधी आपल्याकडून आलाय. हे लोक कबरीपुढे चक्क नारळ वाढवत होते!”

“वा,” तृप्तीबाई म्हणाल्या. त्या कबरीपुढे नारळ कुणी वाढवला होता हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस या क्षणी बशीतला चहा परत पेल्यात ओतत होतं.

हा तेसुमा काय प्रकार आहे, ते आधी सांगायला हवं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर फार पूर्वी लिकिया नावाचा देश होता. तिथले लोक उंच कड्यांत कबरी कोरायचे आणि कबरीला घरासारखं दगडी दार करायचे, चौकट-फळ्यांसकट. दाराच्या वर कुणाची कबर, कुणी बांधली, आत कुणाला ठेवायचं ते कोरलेलं असे. त्यांची लिपी ग्रीकांच्या लिपीची बहीण, त्यामुळे ती वाचता येते. भाषा मात्र अर्धीमुर्धीच कळते. बायको, मुलं, कबर, बांधली एवढं कळतं. देवाधर्माचा शब्द आला की जाणकारांची गाडी अडते. तेसुमा हा असाच अडलेला शब्द. तो फक्त तीन कबरींवर सापडला, आणि तिन्हीकडे वाक्य एकच: ‘जो हे दार उघडील त्याने आधी तेसुमा द्यावा.’

पुण्याच्या प्रा. रमाकांत सबनीस यांनी बावीस वर्षांपूर्वी त्याचा अर्थ लावला: रक्तबळी. कबर फोडणाऱ्याला दिलेली ती धमकी आहे, असं त्यांचं म्हणणं. जगाने ते मानलं. लिकियन भाषेच्या कोशात तेव्हापासून तेसुमापुढे रक्त आहे आणि रक्तापुढे कंसात सबनीस.

गार्गीचं यंत्र शब्दाच्या वाटेला जातच नव्हतं. ते दगडाला विचारायचं. चुनखडीच्या दगडावर काही ओतलं की ते वाळतं, पण सगळं उडून जात नाही. त्यातला कणभर भाग दगड मुरवून घेतो आणि वर चुन्याचा पापुद्रा धरतो, केसाच्या हजाराव्या भागाएवढा. पुन्हा ओतलं की पुन्हा पापुद्रा. यंत्र दगडाला ओरखडाही न काढता आत प्रकाश सोडतं, आणि परत आलेल्या प्रकाशावरून कोणता पापुद्रा कशाचा आणि कुणाखाली कोण ते सांगतं. त्याला सगळे थरवाचक म्हणत. शब्दाच्या बरोबर खाली, दाराच्या उंबऱ्यात वाटीएवढा एक खळगा कोरलेला होता. तेसुमा द्यायचा तो इथेच, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

थरवाचकाला एकच गोष्ट येत नसे. थर कुठल्या साली पडला हे त्याला सांगता येत नसे. जे खोल ते जुनं, असं धरून चालायचं. एरवी त्यात चूक काही नाही. पण त्या खळग्याच्या तळाला एक बारीक चीर होती, आणि ती तृप्तीबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती.

बावीस वर्षांपूर्वी त्या सबनीससरांच्या हाताखाली इथे ठसे घ्यायला आल्या होत्या. ओला कागद कोरीव अक्षरांवर पसरायचा, ब्रशने ठोकून अक्षरांत बसवायचा, शाईत बुडवलेली कापडाची बोंडी फिरवायची आणि वाळला की अलगद सोडवायचा, ही आपल्याकडच्या शिलालेखवाल्यांची जुनी रीत. सर त्या रीतीत देव होते आणि बाकी सगळ्यात जमदग्नी. तीन दिवस वाऱ्याने कागद फाटत होता. सोळा कागद वाया गेले. सर प्रत्येक कागदागणिक “खैरनार!” एवढंच म्हणायचे, पण असं म्हणायचे की समोरच्याला आपलं नाव बदलून घ्यावंसं वाटावं.

आपल्याकडे कुठल्याही उत्खननावर पहिली कुदळ मारण्याआधी नारळ वाढवतात. मजूर त्याशिवाय हातच लावत नाहीत, आणि मोठमोठे विज्ञाननिष्ठ अधिकारीही त्या वेळी निमूट बाजूला उभे राहतात. सबनीससरांना ते बिलकूल खपत नसे. “दगडाला पाणी, ब्रश आणि कागद. चौथी वस्तू लागली तर घरी जायचं,” असा त्यांचा दंडक होता. पण तृप्तीबाईंच्या आईने येवल्याहून निघताना बॅगेत नारळ कोंबला होता, शिवाय हळदीकुंकवाची पुडी. चौथ्या दिवशी दुपारी सर जेवून जरा आडवे झाले तेव्हा पस्तीस वर्षांच्या, पीएचडीवाल्या तृप्ती खैरनार शिडी चढून गेल्या, एका धोंड्यावर नारळ वाढवला, पाणी खळग्यात ओतलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. पाणी बघता बघता चिरेत नाहीसं झालं. घाईघाईत सगळं पुसून त्या खाली आल्या.

त्या दुपारी सतरावा कागद लख्ख निघाला. तो ठसा जगभर छापला गेला. त्याच्या खालच्या कडेला तांबूस डाग होता. सरांनी तो पाहिला, त्यांचे डोळे चमकले. प्रयोगशाळेत त्यात लोह सापडलं. त्या डोंगराची मातीच लाल, लोह सापडणार नाही तर काय! सरांना मात्र रक्त दिसलं. तृप्तीबाईंना आपल्या बोटांना राहिलेलं कुंकू दिसत होतं. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता सरांचा लेख छापून आला, मग कोश आला, मग सरांचा सत्कार झाला आणि सत्कारात प्रास्ताविक तृप्तीबाईंनी केलं. मूग गिळून गप्प बसण्याची एवढी मोठी किंमत एखाद्या शब्दाला क्वचितच मोजावी लागली असेल.

आणि आता तोच नारळ गार्गीच्या गळ्यात पडत होता.

बुधवारी तृप्तीबाईंनी आडवळणाने प्रयत्न करून पाहिला.

“गार्गी, थोडं थांबता नाही का येणार? एखादा महिना. आणखी कुणाला तरी तपासू दे.”

गार्गी यंत्राची भिंगं पुसत होती. ती दोन दिवसांत नीट जेवली नव्हती हे तृप्तीबाईंच्या लक्षात आलं होतं. ताटातली भाकरी ती नुसती कुस्करून ठेवायची.

“का थांबायचं, मॅडम?”

“अगं, नारळ एवढ्या लांब, त्या काळात… लोक शंका घेतील.”

“घेऊ देत की.” गार्गीने मान वर केली. “एक विचारू? रागावू नका. सबनीससरांचं रक्त खोटं ठरतंय म्हणून तुम्ही हे म्हणताय का?”

तृप्तीबाईंना ते फार लागलं. लागलं, कारण खरं कारण याहून वाईट होतं. त्या कड्याच्या वाटेने गावापर्यंत चालत गेल्या आणि चिनाराखालच्या बाकावर दोन तास बसून राहिल्या. बोललं तर संरक्षित कबरीवर नारळ फोडणारी संशोधक म्हणून नाव व्हायचं. निवृत्तीला आठ वर्षं उरली होती, त्यांची माती. शिवाय सरांना कळणार. सर सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि सत्तावन्न वर्षांच्या तृप्तीबाई अजून त्यांचा फोन आला की उभं राहून घ्यायच्या. आणि न बोललं तर? शुक्रवारी टाळ्या पडतील. मग वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी आणखी चांगलं यंत्र घेऊन येईल आणि गार्गी वाकचौरे हे नाव ‘ती नारळवाली’ म्हणून आयुष्यभर हसण्यावारी जाईल. या पोरीला त्यांनीच लिपी शिकवली होती. एकदा आपण गप्प बसलो तेव्हा सरांच्या माथी रक्त लागलं. आता दुसऱ्यांदा गप्प बसलो तर आपण कोण ठरतो, हे त्यांना स्वतःला विचारवेना.

गुरुवारी सकाळी न्याहारीही न घेता त्या तंबूत गेल्या.

“नारळ माझा आहे,” त्या म्हणाल्या.

गार्गीला कळलं नाही. “म्हणजे?”

“बावीस वर्षांपूर्वी मी वाढवला. त्याच खळग्यात. सर झोपले होते. हळद माझी, कुंकू माझं. तळाला चीर आहे, पाणी माझ्यासमोर आत गेलं. ते खोल आहे म्हणून जुनं नाही, गार्गी. ते चिरेतून उतरलंय.”

गार्गी उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग सगळा एकदम परत आला.

“आज सांगताय? मंगळवारी मी तुम्हाला पट्टे दाखवले, तेव्हा तुम्ही वा म्हणालात! दोन वर्षं, मॅडम! दोन वर्षं मी या दगडासमोर मान मोडून बसलेय. परवा तरी सांगायचंत!”

“भ्याले.”

“कुणाला? मला?”

“तुला, सरांना, लोकांना. सगळ्यांनाच.” तृप्तीबाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. उद्या सगळ्यांसमोर मीच सांगते. तुझ्या नावाला काही लागू द्यायचं नाही.”

गार्गी मटकन खुर्चीत बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा ती रडतेय असं वाटून तृप्तीबाई पुढे सरकल्या. पण ती हसत होती. म्हणजे रडतही होती, पण हसणं जास्त होतं.

“मॅडम, मला तिथे एक गुलाबी टोक मिळालं होतं,” ती म्हणाली. “कशाशीच जुळेना. जुन्या जगातल्या एकाही वस्तूशी नाही. म्हणून मी ते शेवटच्या परिशिष्टात टाकलं, बारीक अक्षरात. कुणी विचारू नये म्हणून देवाची प्रार्थना करत होते. आठ दिवस घशाखाली घास उतरत नाहीये माझ्या!”

“कुंकू,” तृप्तीबाई म्हणाल्या. “बाजारातलं. त्यातला रंग कारखान्यातला असतो.”

“दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तो जगातच नव्हता!” गार्गी ताडकन उठली. “पण नुसत्या तुमच्या सांगण्यावर नाही चालणार. पुरावा हवा. त्या वेळचं काही आहे?”

होतं. सतरावा कागद. तो सबनीससरांच्या घरी, काचेच्या चौकटीत होता.

फोन लावताना तृप्तीबाई सवयीने उभ्या राहिल्या. पलीकडून “बोल, खैरनार,” ऐकू आलं आणि त्यांनी डोळे मिटून सगळं एका दमात सांगून टाकलं: नारळ, चीर, कुंकू, तांबूस डाग, सत्कारातलं प्रास्ताविकसुद्धा. शेवटी म्हणाल्या, “सर, तो कागद विभागातल्या यंत्राखाली ठेवायला हवा. आजच.”

सर कोरडेपणाने म्हणाले, “पाठवतो.” फोन बंद झाला.

“काय म्हणाले?” गार्गीने विचारलं.

“पाठवतो म्हणाले.”

“आणखी?”

“एवढंच.” त्या खाली बसल्या. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं खरं. बावीस वर्षांचं ओझं असं अर्ध्या मिनिटात उतरतं याचं त्यांना नवल वाटलं.

दुपारी पुण्याहून निकाल आला. कागदावरचा डाग आणि दगडातलं गुलाबी टोक एकच. गार्गीने तोवर कामाला सुरुवातही केली होती, आणि तिच्या बोलण्यात आता पूर्वीची धार परत आली होती.

“मॅडम, तुम्ही मला काय दिलंय कळतंय का? जगात कुठल्याच थरवाचकाकडे हे नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक वस्तू ओतली. बावीस वर्षांत ती किती खोल उतरली हे मला आता मोजून माहीत आहे. म्हणजे या दगडात कुठली गोष्ट कुठून कुठे सरकली, ते सगळं उलटं फिरवून मूळ जागी नेता येईल. तुमचा नारळ आता माझी मोजपट्टी!”

संध्याकाळ व्हायच्या आत पट्टे पुन्हा रचले गेले. नारळ वर आला, त्याच्या जागी, कालपरवाचा. त्याच्याखाली दोन हजार वर्षांची धूळ. आणि धुळीखाली एकाखाली एक, स्वच्छ, वेगवेगळे पापुद्रे.

“रक्त?” तृप्तीबाईंनी विचारलं.

“नाही. थेंबभरही नाही.”

“तेल? दूध? मध?”

“काहीच नाही, मॅडम. पाणी. गावातल्या झऱ्याचं पाणी. त्यातले क्षार जसेच्या तसे जुळतात. पावसाचं नाही, वर छत आहे. आणि फक्त खळग्यातच आहे.” ती बोटाने मोजत खाली गेली. “अकरा वेळा. साधारण दीडशे वर्षांत अकरा वेळा.”

नेजला हानम मागे उभ्या राहून ऐकत होत्या. साठीच्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या हळूच म्हणाल्या, “या कबरीत अकरा माणसांची हाडं मिळाली होती. माझ्या आधीच्या आधीच्या संचालकांनी मोजली आहेत.”

ते वाक्य तृप्तीबाईंना आता कोरल्याप्रमाणे समोर दिसत होतं. जो हे दार उघडील. दार चोर उघडणार असेल तर त्याला कशाला कुणी पाणी द्यायला सांगेल? दार घरचेच उघडत होते. घरातलं कुणी गेलं की त्याला आजोबांशेजारी, आईशेजारी ठेवायला दार उघडावं लागे. आत जाण्याआधी आतल्यांना ओंजळभर पाणी द्यायचं, आणखी एक जण येतोय म्हणून सांगायचं. एवढाच तेसुमा. आपण सगळ्यांनी मिळून एका घरगुती रीतीला धमकी ठरवलं होतं.

“मी तर हा दगडही घाण केला,” त्या नेजला हानमना म्हणाल्या. “तुम्ही काय ती शिक्षा सांगा.”

“नियमाप्रमाणे तुम्हाला या कबरीला पुन्हा हात लावता येणार नाही. कधीच नाही,” नेजला हानम म्हणाल्या. “आणि झाली गोष्ट लेखी द्यायची, सहीनिशी.” मग म्हणाल्या, “मला वाटत होतं तुम्ही बोलणारच नाही. मंगळवारी तुमच्या हातातला चहा मी पाहिला होता.”

शुक्रवारी वार्ताहर आले. गार्गीने नारळाची हकीकत पहिल्याच मिनिटाला सांगितली आणि तृप्तीबाईंनी उठून “ती मीच,” म्हटलं. सभेत हशा पिकला. निम्म्या लोकांनी कॅमेरे आवरले, कारण समुद्र ओलांडून आलेल्या नारळात जी मजा होती ती झऱ्याच्या पाण्यात नव्हती. उरलेले निम्मे मात्र शेवटपर्यंत बसले, आणि अकरा थर व अकरा माणसं पडद्यावर शेजारी शेजारी आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गावकऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर प्रश्न पाऊण तास चालले. गार्गीला एकाही प्रश्नाची भीती वाटली नाही. परिशिष्ट आता कोरं होतं.

सगळे पांगल्यावर तिने तीन भाकऱ्या, वांग्याचं भरीत आणि तृप्तीबाईंच्या ताटातलं दही खाल्लं. तृप्तीबाई तिच्याकडे बघत बसल्या. इतकं हलकं त्यांना किती वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सबनीससर. तृप्तीबाई उठून उभ्या राहिल्या.

“कार्यक्रम पाहिला इथून,” सर म्हणाले. “पाणी, म्हणजे.”

“हो, सर.”

“बरं झालं. त्या लोकांना मी उगाच रक्तपिपासू ठरवलं होतं. मनाला खात होतं ते कधी कधी. अशी सुंदर दारं कोरणारी माणसं, आणि दारातच रक्त मागतात? पटत नव्हतं. पण डाग समोर होता. कोशात दुरुस्ती मी माझ्या हाताने लिहून दिलीय. आत्ताच.”

“सर, मी फार मोठा अपराध—”

“ते राहू दे. शब्द चुकतो, दुरुस्त होतो, त्याचं काही नाही. मी काल दिवसभर दुसराच हिशोब लावतोय.” त्यांचा आवाज तृप्तीबाईंनी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला. “माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी बावीस वर्षं माझ्याशी एक वाक्य बोलू शकली नाही. असा कसा मी मास्तर, तृप्ती?”

सरांनी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. तृप्तीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गार्गीने खुर्ची त्यांच्या मागे सरकवली.

“आणि त्या दिवशी मी झोपलो होतो म्हणतेस, पण मुळात तो वारा—” सर पुन्हा सुरू झाले.

“सर,” तृप्तीबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. “थांबा जरा. आज मी बोलते, तुम्ही ऐका.”

“बोल,” सर म्हणाले.

त्या बोलत राहिल्या.